शेंदराखालचं इंग्रजी

इंग्रजी ही भाषा देवळाच्या पायरीवर जन्मली, पिंपळाच्या पारावर वाढली आणि आजही अधूनमधून तिच्या अंगात येतं, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस सबंध सांगली जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या आत्याचा थोरला दीर आहे. विश्रामबागेत आत्याचं घर आहे. खाली आत्या आणि आतोबा, वरच्या खोलीत हे. आतोबा मुळातच अबोल. वडिलोपार्जित बोलणं वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपला हिस्सा थोरल्या भावाला लिहून दिला असावा. काका (मी त्यांना काकाच म्हणते) मूळचे वाईचे. लग्न केलं नाही. सगळी हयात हायस्कुलात इंग्रजी शिकवली, आणि त्या सगळ्या हयातीत एकाही इंग्रज माणसाशी बोलण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही. त्यामुळे इंग्रजांबद्दलची त्यांची मतं अगदी स्वच्छ राहिली होती. ‘‘हे लोक दिसतात सुटाबुटातले,’’ ते म्हणायचे, ‘‘पण तोंड उघडलं की आपल्या जत्रेतलेच. शिंकले की देव आठवतो, बढाई मारली की झाडाला हात लावतात. फरक एवढाच, की आपण कशाला घाबरतो ते आपल्याला ठाऊक असतं. ते विसरलेत.’’

मी कुंडलची. आठवीत माझी शाळा सुटली. सोडली असं म्हणवत नाही. हातातून बादली निसटून विहिरीत जावी तशी ती गेली आणि मी नुसती काठावर उभी राहिले. पुढे लग्न झालं. मालक ट्रकवर, महिन्यातून कधीतरी घरी. लेकीला घेऊन मी आत्याकडे आले आणि मिरजेच्या एका दवाखान्यात आयाचं काम धरलं. म्हाताऱ्या पेशंटांचं सगळं मी करायचे, आणि ते मला जमायचंही. पण स्वभाव असा, की दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले तरी परत येऊन कुलूप ओढून बघावं. आमच्या दवाखान्यातली एक सिस्टर इंग्लंडला एका वृद्धाश्रमात कामाला गेली होती. तिनं कळवलं की तिकडे माणसं हवी आहेत, तुझं नाव सुचवलंय, पण मुलाखत होईल ती फोनच्या पडद्यावर आणि इंग्रजीत. माझी लेक तेव्हा आठवीत होती. तिचं पुस्तक हातात घेतलं की मला माझी विहीर आठवायची. पुढचं शिक्षण, कॉलेज, हे सगळं आयाच्या पगारात बसणारं नव्हतं. ही नोकरी लागली तर तिची बादली वर येणार होती. आत्या म्हणाली, ‘‘घरात इंग्रजीचा मास्तर हाय आन् तू रडतीस कशाला? जा वर.’’

मी वर गेले. मला वाटलं होतं, ‘तुझं नाव काय’, ‘तू कुठून आलीस’ असं काहीतरी इंग्रजीत घोकून घेतील. काकांनी मला खुर्चीवर बसवलं, खिडकीतून बाहेर बघितलं आणि वाईच्या घाटावरच्या एका मारुतीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यांच्या लहानपणी त्या मारुतीवर इतक्या पिढ्यांचा शेंदूर चढला होता, की त्याला ना नाक राहिलं होतं ना डोळे. नुसता केशरी गोळा. लोक पाया पडायचे, कशाच्या ते कुणाला दिसत नव्हतं. आणि एका सकाळी ते सगळं कवच आपोआप सुटून खाली पडलं. आत एवढीशी मूर्ती, हात जोडलेली, आणि चक्क हसणारी. ‘‘ती बघितली आणि मला भाषा कळली,’’ काका म्हणाले. ‘‘शब्दांवर शेंदूर चढतो गं. रोज वापरून वापरून. आपण तो खरवडायचा. आत कुणीतरी बसलेला असतो.’’ पहिल्या दिवसाचा धडा संपला. मी खाली आले. आत्यानं विचारलं, ‘‘काय शिकलीस?’’ मी म्हणाले, ‘‘मारुती.’’

पुढचे धडेही असेच. स्केपगोट, म्हणजे बळीचा बकरा, हा शब्द मला कधी लागेल असं वाटत नव्हतं, पण तो काकांच्या फार जिव्हाळ्याचा. जुन्या काळी ज्यू लोकांमध्ये म्हणे वर्षातून एकदा साऱ्या गावाची पापं एका बोकडाच्या डोक्यावर ठेवायचे आणि त्याला रानात हाकलून द्यायचे. ‘‘आपण मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडतो की नाही? रोगराई गाड्यात घालायची आणि पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलायची. तेच.’’ इथवर ठीक होतं. पण कॉलनीची पाण्याची मोटार जळली, सगळ्यांनी मिळून वॉचमनला धारेवर धरलं, आणि भर मीटिंगमध्ये काका त्याची बाजू घ्यायला उभे राहिले. बाजू घेतली ती बोकडापासून. बोकड, पापं, रान, गाडा, शीव असं सगळं त्यांनी इतकं रंगवून सांगितलं, की मोटारीचा विषय लोक विसरून गेले आणि आपापल्या घरी जेवायला निघून गेले. वॉचमन तेवढा थांबला. जत भागातला साधा माणूस. आत्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ‘‘आक्का, समदं कळलं. पर मला सोडणार कुठं हायत, तेवढं इचारा.’’

लाकडाचं प्रकरण तर घरातच घडायचं. स्वतःबद्दल काही चांगलं बोललं की इंग्रज माणूस ‘टच वुड’ म्हणून लाकडाला हात लावतो. का, याबद्दल तिकडे एकमत नाही: कुणी म्हणतं झाडात राहणाऱ्या देवतांना जागं करायचं, कुणी म्हणतं येशूच्या क्रुसाचं लाकूड आठवायचं. काकांनी आपलं मत झाडाच्या बाजूनं दिलं होतं, कारण पिंपळावरचा मुंजा त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. पण नुसतं मत देऊन ते थांबणारे नव्हते; त्यांनी ती चालच उचलली. ‘‘यंदा गुडघे अजिबात दुखले नाहीत’’ असं तोंडातून गेलं की हात लावायला लाकूड हवं. आणि आत्यानं तर नुकतंच घर नवं केलेलं. खिडक्या ॲल्युमिनियमच्या, ओटा ग्रॅनाइटचा, कपाटं लोखंडी, खुर्च्या प्लॅस्टिकच्या. सगळ्या घरात खरं लाकूड म्हणजे आत्याचं पोळपाट-लाटणं. त्यामुळे काका वरून खाली, बैठकीतून स्वयंपाकघरात, गुडघ्यांचं कौतुक करत धावत यायचे आणि आत्या पोळी लाटत असताना तिच्या पोळपाटाला बोट लावायचे. ‘‘आवं भावजी,’’ आत्या म्हणायची, ‘‘पोळीला भोक पडलं की.’’ शेवटी एक जुनं मोडकं लाटणं होतं, त्याचा धरायच्या बाजूचा तुकडा तिनं त्यांना देऊन टाकला. तो तुकडा तेव्हापासून काकांच्या झब्ब्याच्या खिशात असायचा.

आपण ज्याचं नाव काढतो तोच दारात उभा राहिला, तर इंग्रजीत त्याला लाडानं सैतान म्हणतात, ‘स्पीक ऑफ द डेव्हिल’. हेही काकांनी मला सांगितलं असतं तर पुरे होतं. पण नेमक्या त्याच वेळी, आमच्या तोंडी नाव असताना, आत्याच्या विहीणबाई दारात आल्या, आणि काकांनी त्यांचं स्वागत धड्यातल्या उदाहरणानं केलं. वर त्यांना नीट समजावूनही सांगितलं, की इंग्लंडात नाव घेतलं की सैतान येतो अशी धास्ती असल्यानं हा शब्दप्रयोग पडला, आणि यात तुमचा व्यक्तिशः काही अपमान नाही. विहीणबाई चहा न घेता गेल्या. ‘‘बघ,’’ काका मला म्हणाले, त्यांच्या चेहऱ्यावर विहीणबाईंचा मागमूस नव्हता, ‘‘अशाच वेळी आपण काय म्हणतो? शंभर वर्षं आयुष्य आहे. तिथं सैतान, इथं शंभर वर्षं. प्रसंग एकच.’’

शिंकेचा धडा मात्र मला एकदम पटला, कारण ती शिंक आमच्या घरात रोजची होती. कुणी शिंकलं की ‘ब्लेस यू’ म्हणायचं; का, तर शिंकेसरशी जीव बाहेर उडतो किंवा त्या फटीतून वाईट काही आत शिरतं, अशी जुनी समजूत. आमच्याकडे लहान मूल शिंकलं की ‘शतंजीव’. आणि मोठं कुणी एखाद्या कामाच्या सुरुवातीलाच शिंकलं तर आत्या त्या माणसाला पुढे पाऊल टाकू देत नाही. खाली बसवते, घोटभर पाणी पाजते, मग जा म्हणते. कुंडलला माझी आईही हेच करायची. काका म्हणाले, ‘‘ते तोंडानं जीव धरून ठेवतात, आपण पाण्यानं. भीती तीच.’’

असे दिवस चालले आणि मुलाखत जवळ आली. माझ्या डोक्यात बोकड, मुंजे, सैतान यांची जत्रा भरली होती, पण ‘तू आधी कुठे काम केलंस’ याला इंग्रजीत उत्तर देताना जीभ टाळूला चिकटायची. रात्री झोप लागेना. आत्यानं ओळखलं आणि सरळ जिन्यावर जाऊन उभी राहिली. ‘‘भावजी, पोरीला नोकरी लागायची हाय. तिला भुतं काढायला न्हाई पाठवायची.’’  दुसऱ्या दिवसापासून काकांनी मारुतीचं नाव काढलं नाही. टेबलावर व्याकरणाचं पुस्तक, हा काळ, तो काळ, हे पाठ कर, ते पाठ कर. ते खाली मान घालून शिकवायचे आणि मी खाली मान घालून विसरायचे. लाटण्याचा तुकडासुद्धा खिशातून बाहेर आला नाही. असं काही दिवस चाललं, आणि मग एका संध्याकाळी मलाच राहवेना. मी म्हणाले, ‘‘काका, ते हात धुण्याचं परत सांगा की. येशूच्या गोष्टीतला त्यो राजा भर लोकांसमोर हात धुतो आन् म्हणतो माझा काय संबंध न्हाई, ते.’’ काकांनी पुस्तक मिटलं. ‘‘राजा नव्हे, सुभेदार,’’ ते म्हणाले, आणि चष्म्याच्या आत त्यांचे डोळे असे काही उजळले, की नोकरी लागो न लागो, मला जरा बरं वाटलं.

मुलाखत वरच्या खोलीतच ठेवली, कारण रेंज तिथंच नीट यायची. आत्यानं काकांना खोलीबाहेर काढून जिन्यावर बसवलं आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली. मी इस्त्रीची साडी नेसून, फोन डब्याला टेकवून बसले.  पडद्यावर एक गोऱ्या, पिकल्या केसांच्या मॅडम आल्या. दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी माझं नाव घेतलं, हसल्या, पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि शिंकल्या.

आता पुढचं सगळं एका क्षणात झालं. दाराआडून, जिन्यावरून, खणखणीत आवाज आला, ‘‘शतंजीव!’’ मला मात्र एकच दिसलं. सुरुवातीलाच शिंक. लेकीच्या शिक्षणाचं काम, आणि उंबऱ्यावरच शिंक. मला व्याकरण आठवलं नाही, ‘ब्लेस यू’ आठवलं नाही, समोर कोण आहे तेही आठवलं नाही. मी हात वर करून म्हणाले, ‘‘मॅडम, स्टॉप. सिट. ड्रिंक वॉटर. देन वुई स्टार्ट.’’

 मॅडमनी शेजारचा चहाचा मग उचलून दाखवला. चहा चालेल का, असं त्या विचारत होत्या.

‘‘नो मॅडम,’’ मी म्हणाले. ‘‘वॉटर.’’

त्या उठल्या आणि पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची राहिली. दार किलकिलं झालं. काकांचा दबका आवाज आला, ‘‘काय झालं गं?’’

‘‘पाणी आणायला गेल्यात.’’

‘‘कोण?’’

‘‘मॅडम.’’

काका खाली बसल्याचा आवाज आला. मला वाटलं, बादली गेली, लेकीचीही गेली. मॅडम परत आल्या. हातात काचेचा ग्लास. माझ्याकडे बघत त्यांनी सावकाश घोट घेतले आणि विचारलं, मघाशी कोण बोललं? मी म्हणाले, ‘‘माय आंट, हर हजबंड, हिज बिग ब्रदर.’’ काय म्हणाले ते? ‘‘लिव्ह हंड्रेड इयर्स.’’ आणि पाणी कशाला? आता हे मला येत होतं. हेच तर मला वरच्या खोलीत शिकवलं होतं. मोडक्यातोडक्या शब्दांत मी सांगितलं, की शिंकेनं जीव दचकतो, दचकलेल्या जिवाला घाई करायची नाही, बसवायचं, पाणी द्यायचं, आणि तो जागेवर आला की मग काम. मॅडम ऐकत होत्या. म्हणाल्या, त्यांची आजीही घरातून निघाल्यावर काही विसरलं म्हणून परत आली, तर ती वस्तू उचलण्याआधी खुर्चीवर बसायची, मग पुन्हा निघायची. का ते त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, एखादा म्हातारा जेवायला तयारच नसेल तर तू काय करशील? मी म्हणाले, आधी त्याच्याजवळ बसेन. जेवणाचं नंतर. मिरजेच्या दवाखान्यातलं सगळं मग आपोआप येत गेलं, चुकीचं पण न थांबता. शेवटी त्या म्हणाल्या, आज सकाळपासून मला पाणी प्यायला कुणी सांगितलं नव्हतं.

फोन बंद करून मी बाहेर आले. काका जिन्यावर तसेच बसून होते. ‘‘सगळा जन्म इंग्रजी शिकवली,’’ ते म्हणाले. ‘‘आयुष्यात पहिल्यांदा एक खरी इंग्रज बाई माझ्या कानांदेखत शिंकली. आणि मी मराठीत बोललो.’’

‘‘काका, आवं, अर्थ त्योच की.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘तोच,’’ ते म्हणाले. ‘‘तोच गं.’’

नोकरीचं पत्र आलं तेव्हा काका ‘टच वुड’ म्हणत खिसे चाचपडत होते, आणि खिशात तुकडा असूनही सवयीनं पोळपाटाकडे धावले. लेखी परीक्षा, कागदपत्रं, विमानाचं तिकीट हे सगळं पुढे महिनोन्महिने चाललं, आणि प्रत्येक वेळी मी परत येऊन कुलूप ओढून बघितलं. लेक आत्याकडेच राहणार होती. शेवटचा एक शब्द काका शिकवायचे टाळत होते. मुंबईच्या गाडीला मला बसवायला आले, रस्त्याच्या कडेला माझी पिशवी धरून उभे राहिले, आणि मग म्हणाले, ‘‘गुडबाय. मूळचं ते ‘देव तुझ्याबरोबर असो’. लोकांच्या तोंडात घासून घासून एवढंच उरलं. तिकडे दिवसभर ऐकशील. म्हणणाऱ्याला ठाऊक नसेल, पण तू ऐकून घेत जा.’’ गाडी आली. मी वाकून नमस्कार केला आणि शिकवलेलं म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. ‘‘तू म्हणू नकोस. तू आपलं म्हण.’’

‘‘येते काका.’’

‘‘ये,’’ ते म्हणाले, आणि लाटण्याचा तुकडा माझ्या हातात देऊन वळले.

आता इथं रोज संध्याकाळी माझी पाळी संपते, तेव्हा खोल्याखोल्यांतून म्हातारी माणसं मला गुडबाय म्हणतात. कुणी खोकत, कुणी अर्ध्या झोपेत. मी दारात थांबून प्रत्येकाचं नीट ऐकून घेते. त्या मॅडमना मी एकदा त्यातल्या देवाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, शाळेत असताना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझी लेक आता कॉलेजात आहे. तिच्या फोनवरून काकांशी बोलणं होतं. अलीकडे ते एकच गोष्ट दोनदा विचारतात. चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधतात, असं आत्या सांगते. मी दिवसभर अशाच माणसांत असते, त्यामुळे मला जे कळायचं ते कळतं, आणि इतक्या लांबून त्यांना घोटभर पाणी देता येत नाही याचं वाईट वाटत राहतं.

परवा त्यांनी विचारलं, ‘‘पोरी, हे लोक लाकडाला हात लावतात म्हणे. ते कशासाठी गं?’’

मी जेवणाच्या सुट्टीत होते. खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. झाडातल्या देवता, क्रुसाचं लाकूड, इकडच्या लोकांचं न मिटलेलं भांडण, पिंपळ, मुंजा. कुठं काही गाळलं नाही. ते मन लावून ऐकत होते, मध्येच ‘अस्सं’ म्हणत होते. शेवटी म्हणाले, ‘‘छान आहे. तुला कुणी सांगितलं हे?’’

‘‘आमच्या आत्याच्या दिरांनी.’’

‘‘हुशार दिसतोय माणूस,’’ काका म्हणाले. ‘‘तब्येत वगैरे बरी आहे ना त्याची?’’

‘‘बरी हाय की,’’ मी म्हणाले, आणि एप्रनच्या खिशात हात घालून लाटण्याच्या तुकड्याला बोट लावलं. ‘‘येते काका.’’

‘‘ये,’’ ते म्हणाले.